सिकलसेल वाहक आहात आणि पळायचंय? साताऱ्यातल्या नवशिक्यांसाठी

पावसाळ्यात साताऱ्यात पळणाऱ्यांची गर्दी वाढते. हिल मॅरेथॉन जवळ आली की यवतेश्वरच्या घाटात पहाटे अंधारातच टॉर्च दिसायला लागतात. जिल्हा क्रीडा संकुलाच्या ट्रॅकवर भरतीची पोरं घड्याळ लावून फेऱ्या मारत असतात. या गर्दीतलं कुणीतरी अधूनमधून मला बाजूला घेऊन विचारतं, "ताई, माझा रिपोर्ट एएस आलाय. मी पळू का नको?"

मी स्वतः एएस, म्हणजे सिकलसेलची वाहक आहे. (सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी ताठ करणारा आनुवंशिक आजार.) माहेर चंद्रपूरकडचं, नोकरीनिमित्त साताऱ्यात आले आणि इथलीच झाले. माझं उत्तर ठरलेलं असतं: पळा, पण घाई करू नका. सिकलसेल वाहकाला खरा धोका अंतराचा नसतो. शरीर तयार नसताना एकदम पूर्ण जोर लावला तर धोका असतो. हळूहळू वाढवत नेलेलं लांब पळणं वाहकाच्या रक्तवाहिन्यांना मानवतं. पहिल्याच दिवशी दात-ओठ खाऊन मारलेले १६०० मीटर मानवत नाहीत. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी रिपोर्ट नीट वाचा

रक्तातलं हिमोग्लोबिन कसं बनायचं याची सूचना आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक मिळते. दोन्ही नेहमीच्या असतील तर एए. एक नेहमीची आणि एक सिकलची असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलच्या असतील तर एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. वाहकाच्या रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन साधारण ३५ ते ४० टक्के असतं, बाकीचं बहुतेक नेहमीचं. हे नेहमीचं हिमोग्लोबिनच रोजच्या जगण्यात आपल्याला सांभाळून घेतं. म्हणून वाहकाला एसएससारखे दुखण्याचे झटके येत नाहीत, आणि केवळ वाहक असल्यामुळे रक्तही कमी होत नाही. तुमचं हिमोग्लोबिन कमी भरलं असेल तर त्याचं कारण वेगळं शोधायला हवं. बायकांमध्ये ते बहुतेकदा लोहाची कमतरता हेच निघतं.

गावात शिबिर लागतं, बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचं सांगतात. तेवढ्यावर थांबू नका. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे इतकंच ती टेस्ट सांगते. तुम्ही वाहक आहात की रुग्ण, हे तिला कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करावी लागते. तो रिपोर्ट हातात आला की त्यात ए जास्त आणि एस कमी आहे ना, हे डॉक्टरांकडून समजून घ्या. रिपोर्ट एसएस असेल किंवा त्यात थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा) उल्लेख असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तुमचा व्यायाम तुमच्या डॉक्टरांनीच ठरवला पाहिजे.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत, तिकडे नंदुरबारला सिकलसेल हा शब्द शाळकरी पोरांनाही माहीत असतो. साताऱ्यात तसं नाही. इथे कॉलेजला, पोलिसांत, भरतीच्या अकॅडमीत तिकडून आलेली कितीतरी मुलं आहेत. सह्याद्रीच्या कुशीत कातकरी वस्त्या आहेत. शिवाय हा वारसा जात विचारून येत नाही. शंका असेल तर सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणीची चौकशी करा. ही तपासणी आयुष्यात एकदाच नीट झाली की पुरे. रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि घरच्या एका माणसाकडेही पाठवून ठेवा. भावंडांनाही तपासून घ्यायला सांगा, कारण तुम्ही वाहक असाल तर त्यांच्यातही ते असण्याची शक्यता बरीच असते.

पळताना रक्तवाहिन्यांत काय होतं

हा भाग वाचायला थोडा जड आहे, पण वगळू नका. कारण माहीत असलं की नियम पाळायला जड जात नाहीत.

तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असते. स्नायूंतल्या सगळ्यात बारीक केशवाहिन्या तिच्यापेक्षाही अरुंद असतात. पेशी मऊ असते म्हणून अंग मुडपून त्यातून पार होते. सिकलच्या हिमोग्लोबिनमधला प्राणवायू निघून गेला की त्याचे कण एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात आणि पेशी ताठ होते. ताठ पेशीला वाकता येत नाही. कारखान्याच्या हंगामात घाटाच्या वळणावर उसाची एखादी ट्रॉली आडवी झाली की मागे रांग लागते. तसा मागचा प्रवाह तुंबतो आणि पुढच्या स्नायूला रक्त पोचत नाही.

वाहकाच्या शरीरात हे दोरे बनायला वेळ लागतो, कारण नेहमीचं हिमोग्लोबिन मध्ये असतं. एरवी तेवढ्या वेळात पेशी केशवाहिनीतून सुटून फुप्फुसात पोचते आणि प्राणवायू भरून पुन्हा मऊ होते. चार गोष्टी एकत्र आल्या की हा हिशोब बिघडतो: प्राणवायू कमी होणं, स्नायूत आम्ल साठणं, अंग तापणं आणि पेशीतलं पाणी कमी होणं. जीव तोडून दोन-तीन मिनिटं पळलात की मांडीच्या स्नायूत या चारही गोष्टी एकाच वेळी होतात. निवांत पळताना त्या एवढ्या थराला जात नाहीत, कारण स्नायूला प्राणवायू पुरत राहतो आणि आम्ल निघून जायला वेळ मिळतो.

आता रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराकडे येऊ. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. त्याच्यामुळे रक्तवाहिनी सैल होते आणि रुंदावते. पेशी फुटून हिमोग्लोबिन रक्तात मोकळं सुटलं तर ते हा वायू शोषून घेतं आणि वाहिनी आवळते. अस्तराला त्रास झाला की त्याच्यावर पेशींना धरून ठेवणारे चिकट रेणूही वाढतात. कॅमेरून, ग्वाडलूप आणि फ्रान्समध्ये वाहक खेळाडूंवर जे अभ्यास झाले, त्यांनी याच गोष्टी मोजल्या. गट लहान होते, तरी नवशिक्याच्या उपयोगाचं त्यातून बरंच हाती लागतं.

एक म्हणजे, वाहकांचं रक्त इतरांपेक्षा थोडं दाट असतं. व्यायाम करताना पाणी मिळालं नाही तर हा दाटपणा टिकून राहतो. पाणी पीत राहिलं तर तो वाहक नसलेल्यांच्या पातळीला येतो. पाण्याच्या बाटलीचं एवढं मोल दुसऱ्या कुणाला क्वचितच असेल.

दुसरं, वाहकांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले तेव्हा त्यांच्यात केशवाहिन्यांची दाटी थोडी कमी, पण त्यांचा व्यास जास्त आढळला. शरीराने जन्मभरात स्वतःच केलेली ही सोय असावी असा अंदाज आहे; वाट रुंद असली की ताठ पेशीही निघून जाते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नियमित व्यायाम करणाऱ्या वाहकांच्या रक्तात अस्तराच्या त्रासाची खूण, म्हणजे तो चिकट रेणू, बैठं आयुष्य जगणाऱ्या वाहकांपेक्षा कमी आढळला. "तुला सिकलसेल आहे, पळू नकोस" म्हणून घरी बसवणाऱ्यांना मी हे सांगते. सवयीने केलेला व्यायाम रक्तवाहिन्यांच्या बाजूचा आहे.

मूत्रपिंडाचं गुपित

मूत्रपिंडाच्या आतल्या भागात मुळातच प्राणवायू कमी, आम्ल जास्त आणि क्षार दाट असतात. तिथल्या सूक्ष्म वाहिन्यांत वाहकाच्या पेशीही ताठ होतात आणि वर्षानुवर्षांत लघवी दाट करण्याची मूत्रपिंडाची ताकद कमी होते. पाणी कमी पडल्यावर इतरांचं शरीर लघवीतलं पाणी राखून ठेवतं. आपल्याला ते तितकं जमत नाही. त्यामुळे रात्री लघवीला उठावं लागतं आणि सकाळी पळायला निघताना आपण आधीच थोडे कोरडे असतो.

यातून नवशिक्यांची एक फसगत होते. "लघवी पिवळी झाली की पाणी प्या" हा सरसकट सल्ला वाहकाला पुरेसा नाही, कारण पाणी कमी असतानाही आपली लघवी फिकी दिसू शकते. त्यापेक्षा पळण्याआधी आणि नंतर वजन करा. तासाभराच्या पळण्यात एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर पाणी गेलं असं समजा आणि पुढच्या वेळी ते वाटेत भरून काढा. नुसतं पाणीच ढोसायचं नाही. फार वेळ पळताना मिठाशिवाय पोटभर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि तेही धोक्याचं असतं. लिंबू-साखर-मिठाचं सरबत किंवा ओआरएस चालेल. घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक उत्तम.

लघवीत कधी वेदना नसताना लाल रक्त दिसलं तर "उष्णता झाली असेल" म्हणून सोडून देऊ नका. वाहकांमध्ये हे होतं, पण दुसरं काही नाही ना, ही खात्री डॉक्टरांनीच करायची असते.

पहिले दोन महिने

या भागातलं वेळापत्रक माझ्या अंदाजाने दिलेलं आहे. तुमच्या वयाप्रमाणे आणि तब्येतीप्रमाणे ते सैल करा, आवळू नका.

सुरुवातीचे दोन आठवडे फक्त भरभर चाला. आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट पळा आणि दोन मिनिटं चाला, असं आलटून पालटून करा. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला, लगेच चाला. हळूहळू पळण्याचा वेळ वाढवा आणि चालण्याचा कमी करा. दर आठवड्याला एकूण वेळ दहावा हिस्सा वाढला तरी भरपूर. दर चौथ्या आठवड्यात थोडं कमी करून शरीराला उसंत द्या.

जागा सपाट निवडा. साताऱ्यात सपाट रस्ता मिळणं म्हणजे नशीबच, म्हणून ट्रॅकच बरा. अजिंक्यताऱ्याची चढण किंवा यवतेश्वरचा घाट पहिल्या दोन महिन्यांत चालायलाच ठेवा. चढावर त्याच वेगाने पळायलाही पायांना जास्त काम पडतं आणि श्वास जास्त लागतो, शिवाय ग्रुपबरोबर असलात तर मागे पडायची लाज वाटून माणूस नकळत जोर लावतो. ग्रुप निवडतानाच असा निवडा, जिथे मागे राहिलेल्यासाठी कुणीतरी थांबतं.

दोन महिन्यांनी चढ सुरू करा. तोही "वरपर्यंत न थांबता" असल्या पैजेवर नाही. वळणापर्यंत पळा, पुढच्या वळणापर्यंत चाला. घाटात उलट्या बाजूची एक गोष्ट लोक विसरतात. उतारावर पळताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना आवळतो आणि त्यात त्याचे तंतू जास्त तुटतात. हिल मॅरेथॉनमध्ये आधी चढण आणि येताना उतार असतो. म्हणजे दमलेल्या पायांनी उतार पेलायचा असतो. उताराचाही सराव थोडा-थोडा करत वाढवा.

भरतीच्या मुलांसाठी वेगळं

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. लष्करी भरतीतही १६०० मीटरच. मला २१ किलोमीटरपेक्षा हीच अंतरं वाहकासाठी जास्त काळजीची वाटतात, कारण ती शेवटपर्यंत पूर्ण जोरात पळायची असतात.

अमेरिकेतला अनुभव इथे उपयोगी आहे. तिथल्या सैन्यातल्या कृष्णवर्णीय नवभरती जवानांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये श्रमाच्या वेळी अचानक मृत्यू येण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे २८ पट आढळलं. पुढे तिथल्या सैन्याने उन्हाची, पाण्याची आणि विश्रांतीची शिस्त सगळ्यांसाठीच लागू केली. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास आला, त्यात वाहकांच्या मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त नव्हतं. स्नायू विरघळण्याचा, म्हणजे स्नायूंचे तंतू फुटून त्यातला माल रक्तात उतरण्याचा, धोका मात्र दीडपट होता. त्याच अभ्यासात तंबाखूमुळेही जवळपास तेवढाच धोका वाढलेला दिसला. आपल्याकडे वाहक म्हटलं की घर हादरतं आणि मिश्रीचा डबा मात्र खिडकीत तसाच असतो. हे मला पटत नाही.

२००६ मध्ये टेक्सासच्या राइस विद्यापीठातला एक फुटबॉलपटू १०० यार्डांच्या सोळा धावा लागोपाठ मारल्यावर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता. हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीतल्या महाविद्यालयीन खेळाडूंना सिकलची तपासणी लागू झाली. १०० यार्ड म्हणजे ९० मीटरच्या आसपास. एक धाव काहीच नसते. मधली विश्रांती गेली की सोळा धावा मिळून एकच लांबलचक जोर होतो.

म्हणून अकॅडमीत दाखल झाल्याच्या दिवशी वेळ लावून ट्रायल देऊ नका. सरांना रिपोर्ट दाखवा आणि पहिले सहा आठवडे हळू पळण्याचा पाया घालू द्या. मग २०० मीटरचे तुकडे, त्यानंतर ४०० चे. प्रत्येक तुकड्यानंतर श्वास पूर्ण खाली येईपर्यंत चाला, बाकीची मुलं पुढच्या फेरीला लागली तरी. पूर्ण जोर लावायचा तो दोन मिनिटांच्या आत. अख्ख्या १६०० ची वेळ बघायची तर तब्येत ठणठणीत असताना, हवा थंड असताना आणि सर मैदानावर हजर असतानाच.

सरांना माझी हात जोडून विनंती आहे. उशिरा आला म्हणून बेडूकउड्या, फेऱ्या चुकल्या म्हणून शंभर उठाबशा, ही शिक्षा कुठल्याच मुलाला देऊ नका. स्नायू विरघळण्याच्या कितीतरी घटना अशाच सवय नसलेल्या, सक्तीच्या, पुन्हा-पुन्हा केलेल्या हालचालींनी होतात. तुमच्या पन्नास मुलांतला वाहक कोण, हे चेहऱ्यावरून कळत नाही. सगळ्यांनाच पाणी, सगळ्यांनाच विश्रांती आणि "सर, जमत नाही" म्हणणाऱ्याला न हिणवता बाजूला बसवणं, एवढं केलं तरी वाहक आपोआप सुरक्षित होतो.

ज्या दिवशी पळायचं नाही

ताप, जुलाब, उलट्या झाल्यावर लगेच पळायचं नाही. डेंग्यू-चिकुनगुनियातून उठलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बूटच घालू नये. रात्रपाळी करून आलात, विसर्जन मिरवणुकीत पहाटेपर्यंत जागलात, तर त्या दिवशी चालणं पुरे.

बायकांसाठी हे मुद्दाम लिहिते: हरतालिकेचा उपवास निर्जळी असतो आणि तो नेमका शर्यतीच्या मोसमातच येतो. उपवास करायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जोराचा व्यायाम नको. निर्जळी एकादशीचंही तसंच. नवरात्रात नऊ दिवस उपवास असेल तर पाणी आणि सरबत चालू ठेवा आणि पळणं हलकं ठेवा.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत घरी या. माण-खटाव किंवा पलीकडे जत-आटपाडीकडे राहत असाल तर त्याही आधी. पावसाळ्यात हवा गार वाटते, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंग आतून तापत राहतं. रेनकोट घालून पळू नका.

उंचीबद्दल बरेच जण विचारतात. कास पठार समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या आसपास आहे. केवळ तेवढ्या उंचीची भीती बाळगायचं कारण नाही. लडाखच्या शर्यतीचं मात्र वेगळं आहे. लेह शहरच ३५०० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर काही वाहकांच्या प्लीहेला रक्त पुरत नाही आणि डाव्या बरगडीखाली जोराचं दुखायला लागतं, उलट्या होतात. तिकडे जायचं तर आधी डॉक्टरांशी बोला. गेल्यावर काही दिवस नुसते काढा, आणि असं दुखलं तर पित्ताची गोळी खाऊन झोपू नका, दवाखाना गाठा आणि खाली उतरा.

जिममध्ये मिळणाऱ्या प्री-वर्कआउट पावडरी घेऊ नका. पळण्याआधी किंवा पळून आल्यावर लगेच दुखण्याची गोळी, ब्रुफेन असो की डायक्लोफिनॅक, टाळा. पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला मारक ठरते.

कोसळलेला माणूस ओळखा

हे पळणाऱ्यापेक्षा त्याच्या सोबतच्यांनी नीट वाचावं.

समजा, एक मुलगा ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत आहे. सरावाला सुरुवात होऊन फार वेळ झालेला नाही. अचानक त्याची पावलं आखूड होतात, गुडघे लुळे पडल्यासारखे वाकतात आणि तो हळूच खाली बसतो. ओरडत नाही. तुम्ही जवळ जाता तर तो बोलतो, शुद्धीवर असतो. "सर, पायात जीवच नाही" किंवा "कंबर भरून आली" म्हणतो. पोटरीला हात लावला तर ती मऊ लागते. अंग चटका बसेल असं तापलेलं नसतं. श्वास मात्र जोरात चालू असतो.

पोटरीत गोळा आला असता तर तो कळवळला असता, पाय धरून लोळला असता आणि स्नायू हाताला दगडासारखा कडक लागला असता. उष्माघात असता तर अंग भाजल्यासारखं गरम असतं आणि बोलणं असंबद्ध. इथे दोन्ही नाही, म्हणून बघणाऱ्याला वाटतं पोरगा नाटक करतोय. त्याला दंडाला धरून उठवतात आणि म्हणतात, "चल, एक फेरी राहिलीय." त्या एका फेरीने जीव जाऊ शकतो.

तिथल्या तिथे थांबवा. सावलीत आडवं करा. १०८ ला फोन लावा आणि वाक्य असं सांगा: "सिकलसेल वाहक आहे, जोरात पळताना कोसळलाय, ऑक्सिजन लागेल." मैदानावर ऑक्सिजन असेल तर लगेच लावा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर घोट-घोट पाणी द्या. अंग गरम असेल तर ओल्या टॉवेलने पुसत राहा. पाय चोळत बसू नका. काही मिनिटांत तरतरी आली तरी त्याला एकट्याला गाडीवर बसवून घरी पाठवू नका.

दवाखान्यात पोचल्यावर रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना दाखवा. स्नायू विरघळत असतील तर त्यातलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून ईसीजी आणि पोटॅशियम आधी. सोबत सीके (स्नायूंना किती इजा झाली हे सांगणारी रक्तचाचणी) आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या. साताऱ्याकडे सिकलसेलचे पेशंट रोज समोर येत नाहीत, त्यामुळे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना "एएस आहे आणि श्रमाने कोसळलाय" ही माहिती पहिल्या मिनिटाला मिळणं फार मोलाचं असतं.

शर्यतीचा दिवस आणि त्यानंतर

बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाच्या, मागे नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर आणि "सिकलसेल वाहक, एएस" एवढं पेनाने लिहा. सुरुवातीला ढोल-ताशा वाजत असतो, सगळे सुसाट सुटतात. तुम्ही मागच्या रांगेत उभे राहा. पोवई नाक्यापासून समर्थ मंदिरापर्यंत जो तुमच्या पुढे गेला, त्याला जाऊ द्या. घाट लागला की बोलता येईल एवढ्याच वेगाने, लागेल तिथे चालत चढा. पाण्याचं एकही टेबल चुकवू नका, तहान नसली तरी दोन घोट घ्याच. शेवटच्या दोनशे मीटरला लोक टाळ्या वाजवतात आणि फोटोवाले उभे असतात. तिथे जोर काढायचा मोह होतो. वेग तोच ठेवा. रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा.

पुढचे दोन दिवस लघवीकडे लक्ष ठेवा. पाय दुखणार, जिने उतरताना कळ येणार, हे ठरलेलंच आहे. पण लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, मांड्या फुगून टणक झाल्या किंवा दुसऱ्या दिवशी हात-पाय उचलवेनासे झाले तर त्याच तासाला दवाखान्यात जा, सोमवारची ओपीडी उघडायची वाट पाहू नका.

असा त्रास एकदा झाला तर सीके आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या पूर्ववत येईपर्यंत पळणं बंद. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावर पुन्हा भरभर चालण्याच्या त्या पहिल्या दोन आठवड्यांपासूनच सुरुवात करायची, मागच्या वेळी कितीही किलोमीटर झाले असले तरी.